ट्रेडमध्ये कोण जिंकलं, कोण हरलं: माझ्या वहीची पद्धत

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. पावणेअकरा होऊन गेले होते. सुदामा नगरातल्या आमच्या घरी पोह्यांची दुसरी कढई उतरली होती आणि मी वरून जीरावन मसाला भुरभुरवत होते. भाचा हातात मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आत्या, लुकाला विकला!" लुका डॉन्चिच, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला तारा, वय पंचवीस, आठच महिन्यांपूर्वी डॅलस मॅव्हरिक्सला फायनलपर्यंत नेणारा. तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे, आणि बदल्यात अँथनी डेव्हिस. संघांमधल्या खेळाडूंच्या अशा अदलाबदलीला ट्रेड म्हणतात. तिकडे अमेरिकेतसुद्धा बातमी देणाऱ्याचं अकाउंट हॅक झालंय असंच पहिली काही मिनिटं लोकांना वाटत होतं.

पोहे खाऊन होईपर्यंत भाच्याच्या फोनवर निकालही लागून गेला: लेकर्स जिंकले, डॅलस बुडालं. मी ताट बाजूला सारलं आणि कपाटातून वही काढली. ही वही मी २०१३ पासून ठेवते. तरुणपणी मी इथे इंदूरलाच कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळले आणि त्यानंतर एकतीस वर्षं एका बँकेच्या कर्जविभागात बसले. एनबीएतले ट्रेड तोलताना मला या दोन्ही गोष्टी सारख्याच कामाला येतात. भाच्याला त्या रविवारी जे शिकवायला घेतलं, ते इथे सविस्तर लिहिते. ज्यांना हा खेळ मनापासून आवडतो आणि "कोण जिंकलं" या प्रश्नाचं खरं उत्तर हवं आहे, त्यांच्यासाठी.

आधी कागद पूर्ण होऊ द्या

पहिल्या तासात फोनवर येतं ते अर्धंच असतं. "लुकाच्या बदल्यात डेव्हिस" ही झाली बातमी. पूर्ण सौदा असा: लेकर्सकडे लुकाबरोबर मॅक्सी क्लीबर आणि मार्कीफ मॉरिस आले. डॅलसला डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सची २०२९ सालची फर्स्ट राउंड पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत निवड करायचा हक्क) मिळाली. शिवाय यूटा जॅझ हा तिसरा संघ होताच. लेकर्सचा जेलन हूड-शिफिनो आणि दोन सेकंड राउंड पिक यूटाकडे गेल्या. तिसऱ्या संघाकडे कुणी लक्ष देत नाही, पण तो उगाच आलेला नसतो. कुणाच्या तरी डोक्यावरचा पगार उतरवायला तो येतो आणि त्याची दलाली घेऊन जातो.

लीगकडून अधिकृत घोषणा येईपर्यंत मी वहीत फक्त नावं लिहिते. समोरासमोरची दोन पानं, जितके संघ तितके उभे रकाने. प्रत्येक नावापुढे तीनच आकडे: वय, त्या वर्षीचा पगार, कॉन्ट्रॅक्टची उरलेली वर्षं. सामन्याला किती गुण काढतो, किती रिबाउंड (हुकलेल्या नेमाचा बॉल पकडणं) घेतो, हे नंतर. सुरुवातीलाच ते लिहिलं की नजर तिथेच अडकते.

सराफ्यातला तराजू

इंदूरचा सराफा म्हटलं की लोकांना रात्रीचा सराफा आठवतो: भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, जलेबी. माझ्या आईचा सराफा दिवसाचा होता. जुन्या पाटल्या मोडून नवं काही करायचं झालं की ती मला बरोबर न्यायची आणि सराफासमोर बसून तीन गोष्टी विचारायची: वजन किती भरलं, कस काय लागला, घट किती धरणार? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पाटल्या हातातून सुटायच्या नाहीत.

ट्रेडमध्ये वजन म्हणजे पगार. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामात ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. बहुतेक संघ या ना त्या सवलतीने तिच्या वरच असतात. अशा संघाला ट्रेड करायचा झाला तर बाहेर जाणारा पगार आणि आत येणारा पगार साधारण जुळावा लागतो. लुका आणि डेव्हिस दोघांचेही त्या वर्षीचे पगार ४ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास होते. तराजूची दोन्ही पारडी अगदी समोरासमोर. लीगच्या नियमाला एवढंच हवं असतं, तो कस तपासत नाही. म्हणून "पगार तर बरोबरीचे होते" असं कुणी म्हणालं की त्याला सांगा, अजून फक्त वजन झालंय.

कस तुम्हालाच लावायचा असतो. पहिली रेघ वयाची. लुका पंचविसाचा, डेव्हिस एकतीस पूर्ण करून बत्तिसाकडे निघालेला. दुसरी रेघ शरीराची: गेल्या तीन हंगामांत दर हंगामी ८२ पैकी किती सामने खेळला? तिसरी रेघ सगळ्यात अवघड, ती आकड्यांत नीट दिसत नाही: हा खेळाडू बरोबरच्या चौघांना सोपं करून देतो की चौघांनी त्याला सोपं करून द्यावं लागतं? त्यासाठी सामने बघावे लागतात. लेकर्सचे घरचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास असतात, बॉस्टनचे सहाच्या सुमारास. मी चौथा क्वार्टर बसून बघते आणि बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्याऐवजी उरलेल्या चौघांकडे बघते. कोण मोकळा उभा आहे, कुणाच्या अंगावर दोन माणसं धावून गेली, कोण परत बचावाला पळतोय. मला कोर्टवर जे काही कळलं ते असंच, बॉल हातात नसताना.

आणि घट. हिच्याकडे लोक बघतच नाहीत. २०२३ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला तेव्हापासून कॅपच्या वर दोन रेघा आहेत, त्यांना एप्रन म्हणतात. २०२५-२६ मध्ये दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख डॉलरवर होता. त्याच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम घालता येत नाही, दिलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही. म्हणजे आज मोठा तारा आणला तर उद्याची चूक सुधारायचे हात बांधले जातात. फिनिक्स सन्सचं तेच झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी केविन ड्युरंटसाठी मिकॅल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, चार फर्स्ट राउंड पिक आणि वर एक स्वॅप, म्हणजे पिकची अदलाबदल करून घ्यायचा हक्क, दिला. मग पगार चढत चढत दुसऱ्या एप्रनच्या पार गेला. ड्युरंट असताना प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्यांनी एकच फेरी जिंकली, २०२५ मध्ये ३६ विजयांवर थांबून प्लेऑफलाही मुकले, आणि त्याच उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला. मुख्यतः जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि दहाव्या क्रमांकाची पिक एवढंच हाती आलं. ड्युरंटच्या खेळात खोट नव्हती. घटच इतकी होती की पाटल्यांची अंगठी झाली.

बोहारणीशी झालेला सौदा कोण जिंकतं?

माझ्या लहानपणी दुपारी ओट्यावर बोहारीण बसायची. आई जुने कपडे काढायची, ती स्टीलचं पातेलं पुढे करायची, मग तासभर घासाघीस. शेवटी आई पातेलं घेऊन खूश आणि बोहारीण गाठोडं बांधून खूश. ती साडी आईच्या काहीच कामाची नव्हती, बोहारणीच्या कामाची होती. त्या सौद्यात हरलेलं कुणी नव्हतं.

म्हणून वहीत रकान्यांच्या खाली मी प्रत्येक संघासाठी एक वाक्य लिहिते: याला नेमकं काय हवं होतं आणि कधी हवं होतं? "कधी" हा शब्द मी अधोरेखित करते.

२०१८ चा टोरंटोचा ट्रेड घ्या. टोरंटो रॅप्टर्स चांगला संघ होता, पण लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने त्यांना सलग तीन वर्षं प्लेऑफमधून बाहेर काढलं होतं. त्यांनी डिमार डिरोझन दिला. टोरंटोशी नाव जोडलेला, शहरावर जीव असलेला खेळाडू. बदल्यात घेतला कवाय लेनर्ड, ज्याच्या कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलं होतं आणि जो आदल्या हंगामात दुखापतीमुळे नऊच सामने खेळला होता. बरोबर डॅनी ग्रीनही आला. टोरंटोपुढचं वाक्य: "विजेतेपद हवं, याच वर्षी." २०१९ मध्ये ते मिळालं, आणि त्याच उन्हाळ्यात कवाय निघून गेला. तो गेला म्हणून टोरंटो हरलं असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी ते वाक्य वाचलेलं नाही.

सॅन अँटोनियोपुढचं वाक्य वेगळं: "जाणारच आहे, तर रिकाम्या हाताने जाऊ नये." त्यांना डिरोझन, याकोब पोएल्टल आणि एक पिक मिळाली, तिच्यातून २०१९ मध्ये केल्डन जॉन्सन आला. मोठा सौदा नाही, पण लाजिरवाणाही नाही.

मोठं नाव आणलं म्हणजे करंडक आलाच, हे आम्हा इंदूरकरांना तरी कुणी सांगू नये. १९४४-४५ च्या रणजी फायनलमध्ये होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टन खेळला होता. इंग्लंडचा तो कॉम्प्टन! नाबाद २४९ काढले, तरी मुंबईने होळकरांना ३७४ धावांनी हरवलं. आणि पुढच्याच हंगामात, कॉम्प्टन नसताना, सी. के. नायडूंच्या होळकर संघाने बडोद्याला हरवून रणजी जिंकली. त्या कॉम्प्टनला कुणी चूक म्हणत नाही, पण करंडकाचं श्रेयही त्याला देत नाही. ट्रेड तोलताना मला ही जोडी नेहमी आठवते.

पिक पेन्सिलीने लिहायची

ड्राफ्टमध्ये दरवर्षी नवी मुलं संघांना वाटून दिली जातात. कमकुवत संघांना आधी निवड मिळावी असा बेत, त्यासाठी लॉटरी काढतात. संघ आपला पुढच्या वर्षांचा हा हक्क ट्रेडमध्ये देऊ शकतो, पुढच्या सात वर्षांपर्यंत. म्हणजे पिक ही हुंडी आहे. वटेल तेव्हा किती रुपये येतील ते आज कुणालाच माहीत नाही.

पिक लिहिताना चार गोष्टी बघा: कुठल्या संघाची, कुठल्या वर्षाची, प्रोटेक्शन आहे का, आणि नुसता स्वॅप आहे का. "टॉप-५ प्रोटेक्टेड" म्हणजे ती पिक पहिल्या पाचात लागली तर मूळ संघाकडेच राहते. स्वॅप म्हणजे दोघांपैकी चांगली पिक मी घेईन, उरलेली तुझी. आणखी एक नियम आहे, टेड स्टेपियन नावाच्या क्लीव्हलँडच्या एका मालकाच्या नावाने ओळखला जातो. त्याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पिक इतक्या उधळल्या की लीगला दार लावावं लागलं: पुढची सलग दोन वर्षं फर्स्ट राउंड पिकविना राहाल असा सौदा करता येणार नाही. म्हणून मोठ्या ट्रेडमध्ये पिक एक वर्ष सोडून एक जातात. ड्युरंटसाठी फिनिक्सने २०२३, २०२५, २०२७, २०२९ दिल्या आणि मधल्या २०२८ चा स्वॅप. असा एकाआड एक क्रम दिसला की समजायचं, संघाने घरातलं होतं नव्हतं ते सगळं ताटात वाढलं.

माझ्या वहीचं पहिलं पान २०१३ चं. ब्रुकलिन नेट्सने बॉस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. गार्नेट ३७ वर्षांचा, पिअर्स ३५ चा. बदल्यात बरेच खेळाडू गेले, आणि शिवाय २०१४, २०१६, २०१८ च्या फर्स्ट राउंड पिक आणि २०१७ चा स्वॅप, एकावरही प्रोटेक्शन नाही. त्या आठवड्यात नेट्सचा संघ कागदावर भारी दिसत होता. पहिल्या हंगामात ४४ विजय, प्लेऑफची एक फेरी, आणि मग मायामीकडून हार. पिअर्स वर्षभरात गेला, गार्नेट दीड वर्षात.

आता पेन्सिलीची कामगिरी. पिकपासून बाण काढायचा आणि तो थांबेल तिथपर्यंत जायचं. २०१४ च्या पिकमधून जेम्स यंग आला, तो टिकला नाही, बाण तिथेच संपला. २०१६ ची पिक तिसऱ्या क्रमांकाची निघाली, कारण नेट्स कोसळले होते: त्यातून जेलन ब्राउन. २०१७ चा स्वॅप थेट पहिल्या क्रमांकाचा निघाला. बॉस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक पिक घेतली, आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम उचलला. २०१८ ची पिक कायरी अर्विंगच्या ट्रेडमध्ये क्लीव्हलँडला गेली. २०२४ मध्ये बॉस्टनने विजेतेपद जिंकलं, ब्राउन फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). २०१३ च्या पानावरचा बाण अकरा वर्षांनी करंडकाला जाऊन टेकला. तो बाण पुरा करताना माझा हात थरथरला होता, हे मी मनापासून सांगते.

बाण काढताना एक काळजी घ्या. साखळीतल्या प्रत्येक कडीचं श्रेय पहिल्या सौद्याला देऊ नका. टेटम ओळखणं ही २०१७ ची वेगळी हुशारी होती. मी अशा ठिकाणी बाणाचा रंग बदलते.

दोन रकाने, कधीही एक करू नयेत

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, कारण ही पद्धत तिच्यातूनच आली. एका मसाला कुटणाऱ्या गृहस्थांचं कर्ज मी शिफारस करून पुढे पाठवलं होतं. कागद पूर्ण, जामीनदार खणखणीत, धंदा चालता. दोन वर्षांनी दुकानाला आग लागली आणि कर्ज थकलं. तपासणीत माझ्या नावावर शेरा आला. त्याच वर्षी दुसऱ्या एका टेबलावरून अपुऱ्या कागदांवर, कुणाच्या तरी शब्दाखातर दिलेलं कर्ज वेळेवर फिटलं आणि त्या टेबलाचं कौतुक झालं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी रडले. शेरा चुकीचा होता, कौतुकही चुकीचं होतं, आणि दोन्ही एकाच कारणाने.

वहीत म्हणून दोन वेगळे रकाने आहेत: "निर्णय" आणि "फळ". निर्णयाचा रकाना ट्रेड झाल्याच्या आठवड्यातच शाईने भरायचा, त्या दिवशी जे माहीत होतं तेवढ्यावर, आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. फळाचा रकाना एका पूर्ण हंगामानंतर उघडायचा आणि शेवटची पिक खेळाडू होऊन तीनेक वर्षं खेळेपर्यंत उघडा ठेवायचा.

लॉस एंजेलिस क्लिपर्सचा २०१९ चा ट्रेड बघा. पॉल जॉर्जसाठी त्यांनी ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅप दिले. आज याला एनबीएतली सर्वात महागडी चूक म्हणतात, आणि फळाच्या रकान्यात ते मीही लिहिलंय: २०२५ मध्ये शे लीगचा एमव्हीपी, फायनलचा एमव्हीपी, थंडर विजेते, आणि त्या संघातला जेलन विल्यम्स हा क्लिपर्सच्याच २०२२ च्या पिकमधून बाराव्या क्रमांकावर आलेला. पॉल जॉर्ज २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला, क्लिपर्सना बदल्यात काहीच नाही. पण निर्णयाच्या रकान्यात मी २०१९ च्या जुलैत काय लिहिलं होतं? शे विशीतला, पहिल्या हंगामात सरासरी १०.८ गुण. आणि पॉल जॉर्ज आला तरच कवाय लेनर्ड येणार होता. कागदावर कवायचं नाव कुठेच नाही, पण सौदा दोघांचा होता. ज्या संघाने तोवर एकदाही कॉन्फरन्स फायनल, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, पाहिली नव्हती, तो २०२१ मध्ये तिथे पोहोचला. मी लिहिलं होतं: "महाग, पण समजण्यासारखा." आज इतका तोटा दिसत असूनही ते वाक्य मी खोडलेलं नाही.

नेट्सच्या पानावर दोन्ही रकाने काळे आहेत. ३५ आणि ३७ वर्षांच्या माणसांसाठी पाच वर्षांनंतरच्या पिक प्रोटेक्शनशिवाय देऊ नयेत, हे २०१३ मध्येही दिसत होतं. उलट मिनेसोटा टिंबरवुल्व्हजने २०२२ मध्ये रुडी गोबेअरसाठी पाच खेळाडू आणि चार फर्स्ट राउंड पिक दिल्या तेव्हा जग त्यांच्यावर हसलं होतं, मीही निर्णयाला कमीच गुण दिले. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी ते कॉन्फरन्स फायनलला पोहोचले. फळाचा रकाना बराच उजळला. निर्णयाचा तसाच आहे, तो माझा आहे.

आता डॅलस. भाच्याचा माझ्याशी सगळ्यात मोठा वाद इथेच झाला. डॅलसचे तेव्हाचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं होतं की विजेतेपदं बचाव जिंकून देतो, आणि डेव्हिस बचावाचा खांब आहे. हे म्हणणं वेडेपणाचं नाही. माझा आक्षेप दुसराच होता आणि तो मी पहिल्या दिवशीच लिहिला: बँक गहाण मालमत्ता विकते तेव्हा लिलाव पुकारते. इथे पंचविशीतला असा खेळाडू गुपचूप, जवळजवळ एकाच गिऱ्हाइकाशी बोलून दिला गेला. बाकीच्या संघांनी काय दिलं असतं ते विचारलंच गेलं नाही. निर्णयात मी शून्य लिहिलं.

पुढे डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड घेऊन जखमी झाला. मार्चमध्ये तेव्हा डॅलसकडेच असलेल्या कायरी अर्विंगचा गुडघा गेला. डॅलस ३९ विजयांवर थांबलं. आणि मग १२ मे २०२५ ला लॉटरीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक डॅलसला लागला! त्या पिकमधून कूपर फ्लॅग आला. भाचा नाचत आला, "आत्या, बघ, डॅलस जिंकलं ना!"

मी त्याला वही दिली आणि म्हटलं, कुठल्या रकान्यात लिहितोस? तो बराच वेळ बसला. शेवटी त्याने फळाच्या रकान्यात पेन्सिलीने "फ्लॅग" लिहिलं आणि पुढे कंसात "लॉटरी". बरोबर लिहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांना पदावरून काढलं गेलं, तेव्हाही त्याने ते निर्णयाच्या रकान्यात घातलं नाही, वेगळ्या ओळीत लिहिलं.

लेकर्सचं पानही सगळं गोड नाही. डेव्हिस गेला आणि मधली उंच जागा रिकामी झाली. ती भरायला शार्लटच्या मार्क विल्यम्सचा ट्रेड केला, तो वैद्यकीय तपासणीनंतर रद्द झाला. पन्नास सामने जिंकून लेकर्स प्लेऑफला गेले आणि पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ४-१ ने हरवलं. शेवटच्या सामन्यात गोबेअरने २७ गुण आणि २४ रिबाउंड घेतले. दिलेल्या माणसाची जागा बरोबर अशा सामन्यात दिसते. म्हणून ट्रेडनंतरचे पहिले आठ-दहा सामने बघून काही लिहू नका, तेव्हा सगळीकडे नव्याची नवलाई असते. एप्रिल-मेपर्यंत थांबा.

माणसाचं नाव

वहीत अगदी तळाशी एक ओळ मी खेळाडूसाठी ठेवते. तो जिंकला की हरला? लुका डॅलसमध्येच राहिला असता तर त्या उन्हाळ्यात पाच वर्षांचं साधारण ३४ कोटी ५० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट त्याला मिळू शकलं असतं. ट्रेड झाल्यावर तो हक्क गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये लेकर्सशी त्याने तीन वर्षांचा, १६ कोटी ५० लाखांचा करार केला. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात आहे, तोही हिशेबात धरा. आणि पैशात न मांडता येणारं एक: ९ एप्रिलला तो डॅलसच्या कोर्टवर पाहुणा म्हणून आला, पडद्यावर त्याच्या जुन्या आठवणी दाखवल्या, तो बाकावर बसून रडला, आणि मग उठून ४५ गुण काढले.

आयझेया थॉमसची ओळ मला अजून वाचवत नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्याची बहीण अपघातात गेली, आणि दुसऱ्याच दिवशी तो बॉस्टनसाठी प्लेऑफ खेळला. त्या हंगामात सरासरी २८.९ गुण काढले, कंबरेच्या सांध्याचं दुखणं अंगावर काढून. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला कायरीच्या बदल्यात दिलं. क्लीव्हलँडसाठी तो फक्त १५ सामने खेळला. निर्णयाच्या रकान्यात बॉस्टनला मी चांगले गुण दिले आहेत, हिशेब त्यांचा बरोबर होता. तरी ती तळाची ओळ भरल्याशिवाय मी पान उलटत नाही, आणि तुम्हीही उलटू नका.

डॅलस-लेकर्सच्या पानाला भाच्याने लाल दोरा लावून ठेवलाय, कारण ते अजून उघडं आहे. २०२९ च्या पिकपुढे पेन्सिलीचा छोटा बाण आहे आणि त्याच्या टोकाला रिकामी चौकट. त्या चौकटीत ज्याचं नाव येईल तो मुलगा आज कुठल्यातरी शाळेच्या कोर्टवर फ्री थ्रो टाकत असेल.